दोरीवरच्या दोघांचं लग्न

कार्टूनमधली दोन माणसं एकमेकांच्या प्रेमात आहेत की नाहीत यावरून भांडणाऱ्या लोकांचा मला राग येतो. त्या भांडणात मीही होते, चांगली हिरिरीने होते, तरी येतो. उलट होते म्हणूनच जास्त येतो.

भांडणाची जागा आमच्या घरातली बाहेरची खोली. बडोद्यात वाडी नावाच्या भागात आमचा फ्लॅट आहे. घरात मी, माझी आई आणि बहिणीची मुलगी. भाची सुरतेची, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला म्हणून आमच्याकडे राहायला आली आणि येताना हे कार्टूनचं खूळ घेऊन आली. माझं लग्न झालेलं नाही, चाळिशी उलटली आहे आणि मी गोरव्याला एका कारखान्यात वॉल्व्ह तपासते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सगळं यावरच येऊन आदळलं.

रविवारी सकाळी भाचीची टोळी जमायची. कोणीतरी शेव-उसळ बांधून आणायचं, टीव्ही लागायचा आणि बघणं कमी, थांबवणं जास्त असा कार्यक्रम सुरू व्हायचा. कार्टून परदेशी, पण हिंदीत बोलणारं. डोंगरात अडकलेल्या लोकांना सोडवणारी पाच जणांची तुकडी आहे, त्यातली दोघं कायम बरोबर. एक बाई दोरीवरून दरीत उतरते आणि एक माणूस वर दोरी धरून उभा असतो. त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. या फॅन मंडळींना कुठूनही वास लागतो, आणि मला ती परत दारात नको आहेत.

खरं सांगायचं तर मला ते कार्टून मनापासून आवडायचं. आईला लाज वाटायची, एवढी घोडी झाली आणि चित्रं बघत बसते म्हणून. मला नाही वाटायची. टीव्हीवर माणसं काम करताना दाखवतात तेव्हा ती प्रत्यक्षात बोलत असतात, रडत असतात, एकमेकांना धोका देत असतात. काम कोणीच करत नाही. ही दोघं करायची. उतरण्याआधी तो गाठ मारायचा आणि ती गाठ ओढून बघायची. मग ती कमरेचा पट्टा बांधायची आणि तो पट्टा ओढून बघायचा. एक शब्द नाही. प्रत्येक भागात तेच, आणि प्रत्येक भागात मला ते बघून बरं वाटायचं.

टोळीला त्यात प्रेम दिसायचं.

"मावशी, जो ने, बघ ना!" भाची रिमोट दाबून चित्र थांबवायची. "पट्टा बघून झाला तरी हात काढला नाही त्यानं. बरोबर ने?"

"हात काढायला वेळ लागतो," मी म्हणायचे. "हात आहे, माशी नाही उडून जायला."

तिची एक गुजराती मैत्रीण वासण्याहून स्कूटरवर यायची. टोळीतली सगळ्यांत हट्टी तीच. ती मलाही माशीच म्हणायची, गुजरातीतली, म्हणजे मावशी. "माशी, आ प्रेम नथी तो शुं छे?" असं ती मान तिरकी करून विचारायची आणि बाकीच्या हसायच्या. तिचा आवडता पुरावा असा की तुकडीतले बाकीचे सगळे एकमेकांना तू म्हणतात, ही दोघंच एकमेकांना आप म्हणतात. जुन्या नवरा-बायकोंसारखं. मी म्हटलं, तो हिंदी करणाऱ्याचा आळस आहे. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी म्हातारी झाल्याचं मला त्या क्षणी कळलं.

घरातलं भांडण निदान शेव-उसळ खात व्हायचं. भाचीने मला फोनवरच्या फॅन लोकांच्या ग्रुपमध्येही घातलं होतं, तिथे तीही सोय नव्हती. कुठकुठल्या गावचे लोक होते त्यात. ती दोघं प्रेमात आहेत असं म्हणणारे एका बाजूला, नाहीत म्हणणारे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बाजू एकमेकांची आई-बहीण काढायला सदैव तयार. मी एकदा हिंदीत सरळ लिहिलं की ही दोघं चांगली सहकारी आहेत आणि चांगलं सहकारी असणं पुरेसं असतं. त्यावर एकाने लिहिलं, आंटी को कभी किसी ने देखा नहीं होगा. खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्या रांगेत माझ्या भाचीचंही एक होतं. विचारलं तर म्हणाली, मावशी, चुकून दाबलं गेलं.

मी इतकी हट्टाला का पेटले होते, ते त्यांना कधी कळलं नाही. कळायला माझं काम माहीत असायला हवं.

आमच्या बेंचवर दोन माणसं लागतात. वॉल्व्ह क्लॅम्पमध्ये आवळायचा, पाण्याने भरायचा, आतली हवा सगळी काढून कॉक, म्हणजे हवेची तोटी, बंद करायचा आणि मग पंपाने प्रेशर चढवायचं. क्लॅम्प सैल राहिला तर त्या प्रेशरला लोखंड जागेवर राहत नाही, माणसाच्या अंगावर येतं. क्लॅम्प मी आवळायचे. कॉक तो बंद करायचा. तो म्हणजे माझा बेंचवरचा सहकारी. मूळचा खानदेशातला, वडील रिफायनरीत नोकरीला म्हणून इकडे आलेले. बायको वारल्यापासून तो वासण्याला वडिलांबरोबर राहत होता. खानदेशीच म्हणते त्याला इथे.

कारखान्याचा नियम असा की ज्याने काम केलं त्यानेच ते तपासायचं. आमचा रिवाज वेगळा होता. त्याने बंद केलेल्या कॉकला मी हात लावून बघायचे, मी आवळलेल्या क्लॅम्पला तो. कारण स्वतःची चूक स्वतःच्या हाताला लागत नाही. हे आम्ही कधी ठरवलं नाही, एकमेकांना सांगितलंही नाही. तो मला मॅडम म्हणायचा, मी त्याला अहो म्हणायचे, आणि दिवसाकाठी आमचं जे बोलणं व्हायचं ते चहाच्या कपात मावलं असतं. या जगात एका माणसाबरोबर मला न बोलता, न सावरता, न नटता उभं राहता येत होतं. माझ्याजवळ जपण्यासारखं जे काही होतं ते हे होतं, आणि त्याला कोणी नाव दिलेलं मला नको होतं.

आणि मीच ते त्या टोळीसमोर उच्चारलं. वाद टोकाला गेला होता. वासण्याची पोरगी म्हणाली, प्रेम असल्याशिवाय कोणी कोणाची गाठ अशी बघतच नाही, कोणीच नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आम्ही बघतो. रोज बघतो. त्याने बंद केलेला कॉक मी बघते, माझा क्लॅम्प तो बघतो. वर्षानुवर्षं. मग आमचं काय प्रेम आहे?"

उदाहरण द्यायला गेले होते. वादात उदाहरण देणं हा काही गुन्हा नाही, अजूनही मला तसंच वाटतं. पण भाचीने रिमोट खाली ठेवला. स्वयंपाकघरात आई काहीतरी कुटत होती, तेही थांबलं.

मग सुरू झालं. तो काय आणतो डब्यात? तुझी सुट्टी असली तर कोण असतं त्याच्याबरोबर? तुला कधी थांबवून काही बोलला? मी चिडून जी उत्तरं दिली त्यातून त्यांनी पुरावेच काढले. मी म्हटलं, माझ्या सुट्टीला तो बेंच बंद ठेवून दुसरं काम करतो, तर एक पोरगी चक्क उशीला तोंड लावून किंचाळली. मी म्हटलं, बोलतच नाही आम्ही, तर वासण्याची म्हणाली, "जो, बोलता पण नथी!" त्या दोघांना पडद्यावर जसं थांबवून, मागे नेऊन बघायच्या तसं मला बघायला लागल्या. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले तर त्यावरही आत कुजबुज झाली.

आई मात्र पुन्हा कुटायला लागली. माझी आई मराठीची शिक्षिका होती. आमच्या घराण्यात दरबारच्या नोकऱ्या होत्या, त्याचं तिला आजही कौतुक. वॉल्व्हला ती नळ म्हणते. शेजारणींना सांगते, आमची ही नळ तपासते. त्या आठवड्यात दोनतीनदा जेवताना तिने सहज विचारलं, "नळाचं कसं चाललंय?" मी म्हटलं, चाललंय. आई सहज काही विचारत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

त्याच सुमारास कार्टून संपलं. शेवटच्या भागात ती दोघं दोरी गुंडाळून आपापल्या वाटेने घरी गेली. मला तो शेवट फार आवडला. ग्रुपवर हाहाकार उडाला. फसवणूक, अन्याय, बनवणाऱ्यांना भोगावं लागेल, काय काय. मग कोणीतरी काडी टाकली की त्यांनी लग्न लावलं नाही तर आपण लावू, आणि गावोगावच्या फॅन लोकांनी आपापल्या पद्धतीने लग्नं लावायला घेतली. भाची म्हणाली, आपण बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं, अंतरपाट धरून, मंगलाष्टकं म्हणून. आजी मंगलाष्टकं करेल.

आजी करणारच होती. बडोद्यातल्या कितीतरी मराठी लग्नांत आईची मंगलाष्टकं म्हटली गेली आहेत. लोक घरी येऊन माहिती सांगतात, आई आत्या-मावश्यांसकट सगळ्यांची नावं वृत्तात बसवून देते. तिची एक खासियत आहे. प्रत्येक मंगलाष्टकात ती त्या दोघांची एखादी खरी गोष्ट घालते, दोघांनाच कळेल अशी. बोहल्यावर त्या ओळीला नवरा-नवरी खाली बघतात आणि आई पहिल्या रांगेत बसून गालात हसते.

मी म्हटलं, हे थेर माझ्या घरात नकोत. आई म्हणाली, "घर माझंही आहे." झालं. वासण्याच्या पोरीने कापडाच्या बाहुल्या शिवल्या, बाहुलीला पाठीवर दोरीचं भेंडोळंसुद्धा लावलं. मुंडावळ्या झाल्या. रुखवतात छोट्या छोट्या दोऱ्या आणि शिरस्त्राणं. रविवारी सकाळी अकराचा मुहूर्त. मी ठरवलं होतं, आपण आपल्या खोलीत दार लावून बसायचं.

साडेदहाला बेल वाजली, मी दार उघडलं आणि समोर खानदेशी. इस्त्रीचा शर्ट, हातात लीलो, म्हणजे इथल्या ओल्या चिवड्याचा पुडा.

"काकूंचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाल्या, घरगुती गंमत आहे, जेवायला या." मग माझ्या तोंडाकडे बघून, "तुम्हाला माहीत नव्हतं का, मॅडम?"

मी म्हटलं, "या ना." दुसरं काय म्हणणार? आईकडे त्याचा नंबर होता, मी कामावर थांबले की चौकशीला लागतो म्हणून मीच कधीतरी दिला होता. आत टोळीचे डोळे असे चमकले की मला त्या सगळ्यांना जिना उतरवून द्यावंसं वाटलं. त्याला पाटासमोरच बसवलं. माझी जागा, अर्थातच, त्याच्या शेजारी ठेवलेली.

पाटांवर बाहुल्या, मध्ये आईचा धुतलेला पंचा अंतरपाट म्हणून. सगळ्यांच्या हातात अक्षता. भाचीने ग्रुपसाठी फोनवर चित्रण सुरू केलं. आईने पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली, आवाज अजून खणखणीत आहे तिचा. पहिल्या कडव्यात डोंगर, दुसऱ्यात दोरी आणि दरी. खानदेशी कौतुकाने ऐकत होता, मान डोलावत होता. त्याला खरंच गंमत वाटत होती. आणि मग तिसऱ्या कडव्यात ती ओळ आली.

"तो हाते करि बंद नीट नळ तो, तीही पुन्हा चाचपे."

त्या कार्टूनमध्ये नळ नाही. डोंगरात कुठला आलाय नळ? त्याची मान डोलायची थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या हातांकडे पाहिलं, उलटे करून, पुन्हा सुलटे करून. भाचीने फोन बाहुल्यांवरून काढला आणि आमच्या दोघांवर धरला. आई गालात हसत होती. सावधान म्हणून सगळ्यांनी अक्षता उडवल्या, टाळ्या झाल्या, पंचा दूर झाला. त्याची मूठ तशीच मिटलेली होती.

तो जेवला. वरण-भात, जिलबी, मठ्ठा, सगळं नीट जेवला, आईला छान झालं म्हणाला. "येतो काकू" म्हणून उठला. तो बसला होता तिथे ताटाच्या कडेला अक्षतांची छोटीशी ढेरी होती.

दार लावून मी आईला म्हटलं, "काय केलंस हे?"

"चांगला माणूस आहे," आई म्हणाली. "तुला काही स्वतःहून बोलायला जमलं नसतं."

"मला बोलायचंच नव्हतं काही."

"मग बिघडलं कुठे?"

मी तिच्याशी भांडले नाही. भांडले असते तर आतल्या टोळीला आणखी एक पुरावा मिळाला असता.

सोमवारी आम्ही बेंचवर उभे राहिलो. त्याने वॉल्व्ह भरला, हवा काढली, कॉक बंद केला. मी हात पुढे केला आणि तो मागे सरला. पूर्वी तो तिथेच उभा राहायचा, माझा हात त्याच्या हाताशेजारून कॉकवर जायचा आणि त्यात काहीही नसायचं. आता तो मागे सरला, मलाही हात कसा न्यावा ते कळेना, आणि माझी बोटं कॉकवर असताना मला कॉक बंद आहे की नाही ते समजलं नाही. मी बघत होते ते त्याचे बूट.

जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "वासण्यात फिरतोय तो व्हिडिओ, वडिलांच्या फोनवरपण आला."

मी म्हटलं, "माझ्या आईच्या वतीने..."

"नाही नाही. काकूंनी प्रेमानेच केलं." तो डब्याचं झाकण लावत होता. "मॅडम, मी असेंब्लीच्या शेडमध्ये काम मागून घेतलंय. उद्यापासून."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे नाही. आता हात लावताना मला विचार करावा लागेल. विचार करत इथे उभं राहायचं नसतं."

तो खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्या माणसाला थांब म्हणता येत नाही. प्रेम होतं का त्यात? मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची मला गरज पडली नव्हती, आणि ती गरज न पडणं हेच माझं सुख होतं. ते त्या पोरींनी आणि माझ्या आईने मिळून, टाळ्या वाजवत, अक्षता उडवत मोडलं. मी त्यांना माफ केलेलं नाही. आईशी बोलते, भाचीला डबा देते, पण माफ केलेलं नाही.

व्हिडिओ ग्रुपवर फार गाजला. बाहुल्यांबद्दल कोणी फारसं बोललंच नाही, सगळे आमच्याबद्दल बोलले. तो असेंब्लीला गेल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता तरी भाची वरमेल. ती डोळे मोठे करून म्हणाली, "म्हणजे त्यालाही होतं ने काहीतरी, मावशी? नाहीतर गेला कशाला?"

आता माझ्या बेंचवर नवीन माणूस आहे. कामाला चांगला आहे. पहिल्याच दिवशी त्याने बंद केलेल्या कॉकला मी हात लावला तर त्याचा चेहरा पडला. "मॅडम, मैंने बंद किया है ना? भरोसा नहीं है क्या?" मी हात काढून घेतला. माझ्या क्लॅम्पला तो हात लावत नाही, भरवसा आहे म्हणून. मी क्लॅम्प आवळते, सवयीने बाजूला होते, आणि थोडी थांबते. मग पंप सुरू करायच्या आधी पुन्हा माझाच हात लावून बघते. त्या हाताला काही कळत नाही.